लक्ष्मणराव किर्लोस्कर : एक वाचक कारखानदार

ग्रंथालय म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे परीक्षेच्या तोंडावर मागणी वाढणारी क्रमिक पुस्तके, गाइडे आणि फार तर एखादी कादंबरी उभी राहते. व्यापार-उद्योगाचा ग्रंथालयाशी काही संबंध असेल अशी कल्पनाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. व्यापार पेढीवर बसून शिकायचा, कारखाना भांडवलावर चालवायचा आणि पुस्तके कला शाखेच्या मुलामुलींनी वाचायची, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली आहे. ही वाटणी किती पोकळ आहे हे ज्यांच्या आयुष्यावरून कळते, असे एक गृहस्थ आपल्या मराठी मुलखात होऊन गेले. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, वडिलोपार्जित कारखाना नव्हता, की गाठीला मोठा पैसा नव्हता. छापील कागद लक्ष देऊन वाचण्याची आणि वाचलेले हाताने करून पाहण्याची सवय मात्र होती. त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

मी त्यांच्यापर्यंत पोहोचले ती एका लहानशा कामामुळे. यंदा अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक प्रकल्प दिला. घरात किंवा शेतात वापरात असलेली एखादी वस्तू निवडायची. ती कोण बनवते, तो कारखाना केव्हा व कसा निघाला, ती वस्तू कोण विकत घेतो आणि का घेतो, हे सर्व ग्रंथालयातून शोधून लिहायचे. दुकानदाराला विचारायचे नाही, एवढीच अट होती. लोणखेडा परिसरात ऊस, केळी, पपई आणि कापूस. विहिरीत आणि बोअरमध्ये पंप नाही असे बागायती शेत इकडे विरळाच. म्हणून मी पंप निवडला. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. त्यामुळे आजवर घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची माहिती विकणाऱ्याच्या तोंडूनच आलेली. तो सांगेल तो गुण, तो सांगेल ती किंमत. ही अट ऐकून आमचे आबा हसले आणि म्हणाले की मग माहिती देणार तरी कोण? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पंपाचा विषय मागे पडला आणि पंपावरच्या नावामागचा माणूस पुढे आला. त्याचीच ही कथा.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातल्या मुलाने शास्त्राध्ययन करावे किंवा इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची रीत. लहानग्या लक्ष्मणाचे मन मात्र शाळेत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्र कसे चालते हे निरखत बसणे, ही त्याची दोन वेडे. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण चटकन वाया गेलेला ठरवतो. थोरले बंधू रामूअण्णा यांनी तसे केले नाही. त्यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला आणि पैशाचा आधार देऊन १८८५ मध्ये त्याला मुंबईला जे. जे. कलाशाळेत पाठवले.

तेथे एक विचित्रच आपत्ती ओढवली. दोनेक वर्षांनी ध्यानात आले की लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला रंग ओळखू येऊ नयेत, यापरते दुर्दैव कोणते! एखादा गाशा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी चित्रकलेचा नाद सोडला, पण यांत्रिक रेखाटन चालू ठेवले. यंत्राच्या नकाशाला रंग लागत नाहीत. तेथे लागते अचूक रेषा, आणि ती त्यांच्या हातात होती. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नव्याने निघालेल्या संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी त्यांना मिळाली.

माझ्या मते लक्ष्मणरावांचे खरे शिक्षण येथे सुरू झाले. मोकळा वेळ मिळाला की ते संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन स्वतः यंत्रांवर काम करीत. फळ्यावर ज्या यंत्राची आकृती काढायची ते यंत्र खोलून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. जोडीला त्यांनी एक दुसरा गुरू केला होता. अमेरिकेहून येणारी तांत्रिक मासिके ते आवडीने आणि बारकाईने वाचीत.

त्या मासिकांत असे काय होते, हा प्रश्न मला पडला होता. त्या काळच्या अमेरिकन यंत्रविषयक नियतकालिकांत दोन प्रकारचा मजकूर असे. एक म्हणजे लेख. नवे यंत्र कसे चालते, ओतकाम कसे करावे, धातूला पाणी कसे द्यावे, याची आकृत्यांसह माहिती त्यांत मिळे. दुसरा म्हणजे जाहिराती. कोणता कारखाना काय बनवतो, कोणत्या गावी आहे, सूचीपत्र कसे मागवावे, हे सर्व त्या जाहिरातींत असे. लेख वाचून वस्तू समजते. जाहिराती वाचून ती वस्तू कोण बनवतो, कोणासाठी बनवतो आणि कोणत्या गुणाच्या जोरावर विकतो हे समजते. सामान्य वाचक लेख वाचतो व जाहिरात उलटून टाकतो. ज्याला धंदा उभारायचा आहे त्याला जाहिरातीचे पानही लेखाइतकेच मोलाचे. साता समुद्रांपलीकडच्या कारखान्यांत पाऊल न टाकता लक्ष्मणराव त्यांची वस्तू आणि त्यांचा बाजार अशा रीतीने समजून घेऊ लागले.

त्यांचा पहिला व्यापार यंत्रांचा नव्हता, सायकलींचा होता. १८८८ चा तो काळ. सायकल ही तेव्हा मोठ्या नवलाईची वस्तू. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्याव्यात आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवाव्यात, असा व्यवहार दोघा भावांनी सुरू केला. एका सायकलीला ७०० ते १००० रुपये किंमत येई, आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. त्या काळी हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईत जी वस्तू मिळते ती बेळगावात मिळत नाही, आणि बेळगावसारख्या लष्करी छावणीच्या, कोर्टकचेरीच्या गावात ती विकत घेऊ शकतील अशी माणसे आहेत, हे त्यांनी हेरले. सायकल विकून ते थांबले नाहीत, चालवायला शिकवण्याचीही सोय केली. ज्याला चालवता येत नाही तो घेईल कशाला? वस्तू, गिऱ्हाईक आणि त्या दोघांमधली अडचण, या तिन्हींचा विचार त्यांनी पहिल्याच धंद्यात केलेला दिसतो. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव याच दुकानापासून चालत आले.

नोकरी मात्र फार दिवस टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. परक्या राज्यात असे प्रसंग हजारोंवर आले असतील. बहुतेकांनी ते गिळले. ज्याच्या हातात कसब आहे आणि डोक्यात वाचलेले साठवलेले आहे, त्याला दुसरा रस्ता दिसतो.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना काढला. प्रथम हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र, ज्याला आज आपण कडबाकुट्टी म्हणतो. ही निवड मला फार बोलकी वाटते. मोठे यंत्र बनवण्याची ऐपत नव्हती हे तर खरेच. पण ज्या देशात घरोघरी गुरे आहेत, तेथे चारा हा रोजचा खर्च. अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खाते आणि ताटे तुडवते. बारीक तुकडे केले की तेवढ्याच चाऱ्यात जास्त दिवस निभतात. हा हिशेब शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. वस्तू परदेशी मासिकात पाहिलेली असली तरी गरज मात्र इथल्या गोठ्यातली होती.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी तो तयार केला. आता या नांगराची गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण साऱ्या चरित्राचे मर्म तिच्यात आहे.

आपला जुना लाकडी नांगर आपल्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांनी निदान पडवीच्या कोपऱ्यात तरी पाहिलेला असेल. त्याचा फाळ जमिनीत घुसतो आणि माती दोन्ही बाजूंना सारतो. ढेकूळ उलटत नाही. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहते, म्हणून आडवी-उभी पुनःपुन्हा नांगरट करावी लागते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळ मातीची कड कापतो आणि पंख ती कड उचलून पालथी घालतो. खालची माती वर येते, वरचे तण गाडले जाते. दख्खनच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही दोन तणे शेतकऱ्याची हाडवैरी. त्यांची मुळे खोल. वरवरच्या नांगरटीने ती जात नाहीत, उलट तुटून अधिक फुटतात. खोल नांगरटीने ती मुळासकट वर येतात आणि उन्हात करपतात. म्हणजे वस्तू उत्तम होती आणि तिची गरजही खरी होती. मग ती विकली का नाही?

होय, विकली नाही! पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपल्याला हसू येईल. पण मी आबांना हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. ते म्हणाले की ज्याच्याकडे एकच रान आहे, तो ते प्रयोगाला देत नाही. विचार केला तर शेतकऱ्याच्या बाजूने आणखीही कारणे होती. लाकडी नांगर गावचा सुतार करी, फाळाला धार गावचा लोहार लावी, आणि मोबदला बलुत्यात भागे. लोखंडी नांगराला रोख पैसे हवेत. एखादा भाग मोडला तर तो गावात मिळणार नाही. ओढायला ताकदीचे बैल हवेत, जड रानात एकाहून अधिक जोड्या हव्यात. विषाची समजूत तेवढी वर दिसत होती. तिच्या खाली हा सारा जमाखर्च दडलेला होता.

ही गोष्ट कोणत्याही अमेरिकन मासिकात छापलेली नव्हती. नांगर कसा ओतावा हे कागदावरून कळले. तो कोण घेईल आणि कोण का घेणार नाही, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळले नाही. लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की त्या दोन वर्षांत त्यांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून नांगर गुंडाळून ठेवला नाही. नांगर रानात चालवून दाखवणे, वापरणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्याप्रमाणे वस्तूत दुरुस्ती करणे, हा मार्ग त्यांनी धरला. हळूहळू नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले. वाचन आणि अनुभव यांचे भांडण आपण नेहमी ऐकतो. येथे ते दोघे एकाच नांगराला जुंपलेले दिसतात.

जरा बरे दिवस येत होते तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी जागा हवी होती. कारखाना हलवण्याची पाळी आली. भट्ट्या, यंत्रे, कामगार घेऊन जायचे कोठे? अशा वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. १९०९ मध्ये ते गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार आणि गुणांची पारख असलेले राजे. औंधला सभागृह बांधण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि आपल्या संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन कारखान्यासाठी देऊ केली. जमीन कसली, निवडुंगाचे रान ते! पाण्याचे दुर्भिक्ष, सापांचा सुळसुळाट. जमेची बाजू एकच, शेजारी रेल्वे. कच्चा माल यायला आणि तयार माल जायला तीच वाट.

१९१० मध्ये लक्ष्मणराव आपली माणसे आणि त्यांची कुटुंबे घेऊन त्या माळावर उतरले. येथेही त्यांचे वाचन कामी आले. इंग्लंडात कॅडबरी या चॉकलेटच्या कारखानदारांनी बोर्नविल आणि लिव्हर या साबणाच्या कारखानदारांनी पोर्ट सनलाइट अशी कामगारांची टुमदार गावे वसवली होती. अशा गावांची वर्णने लक्ष्मणरावांनी वाचलेली होती. आपलेही असे गाव असावे हे स्वप्न त्यांनी मनात जपले होते. दुसऱ्यांच्या कंपन्यांबद्दल वाचताना आपण नफ्यातोट्याचे आकडे पाहतो. लक्ष्मणरावांनी त्या कंपन्यांचे कामगार कसे राहतात हेही पाहिले. निवडुंग तोडून उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे आणि पुणे-मिरज लोहमार्गावर तिच्याच नावाचे स्टेशन आहे.

या वाडीतली माणसे पाहिली की आश्चर्य वाटते. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली ती रामूअण्णांनी. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. परीक्षांत यश न मिळालेले के. के. कुलकर्णी कारखान्याचे व्यवस्थापक आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे गृहस्थ झाले. दरोड्यासाठी शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर लक्ष्मणरावांनी राखणीची जबाबदारी टाकली आणि त्यांनी ती इमानाने पार पाडली. आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम त्यांनी त्या काळात घालून दिला. समाजाने ज्यांच्यावर नापासचा शिक्का मारला, त्यांच्याकडूनच लक्ष्मणरावांनी काम करवून घेतले. स्वतः रंगांच्या परीक्षेत नापास झालेल्या माणसाला हे सुचले यात नवल नाही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी माल येणे दुरापास्त झाले. याचा एक परिणाम किर्लोस्करांच्या फायद्याचा झाला. विलायती अवजारांची आवक घटली आणि देशी नांगराला मागणी वाढली. दुसरा परिणाम मात्र जिवावर बेतणारा. नांगर ओतायला लोखंडच मिळेना, भट्टीला कोळसा मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि माल नाही, अशी अवस्था! त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या निकामी तोफा लोखंडासाठी देऊ केल्या. एके काळी रणात गर्जणाऱ्या तोफा वितळून त्यांचे नांगर झाले. ही हकीकत वाचताना कोणाही मराठी मनात अनेक भावना दाटून येतील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एवढेच टिपून ठेवावे की वस्तू आणि बाजार दोन्ही ठीक असले तरी कच्च्या मालाची माहिती नसेल तर कारखाना बंद पडतो.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी आणखी एक घटना घडली, जी मला कंपनीच्या नोंदणीइतकीच महत्त्वाची वाटते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, जे शंवाकि या नावाने मराठी वाचकांना परिचित आहेत, यांनी किर्लोस्कर खबर नावाचे पत्र सुरू केले. कारखान्याची, त्याच्या मालाची आणि गिऱ्हाइकांची खबर देणे हा त्याचा मूळ हेतू. ज्या माणसाने परदेशी मासिके वाचून धंदा उभारला, त्याच्या वाडीतून आता मराठीत मासिक निघू लागले. माहिती घेणारा माहिती देणारा झाला. पुढे या पत्राचे किर्लोस्कर हे मासिक झाले, १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही भावंडे त्याला मिळाली. नांगराची जाहिरात करायला निघालेल्या कागदावर पुढे कथा, लेख, सामाजिक सुधारणेचे वाद रंगले. मराठी साहित्याच्या इतिहासात एका नांगराच्या कारखान्याला जागा मिळावी, ही गंमत आमच्या मराठीच्या वर्गातल्या किती जणांना ठाऊक आहे?

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाणी उपसण्याचे पंप वाडीत तयार होऊ लागले. यादी पाहिली तर प्रत्येक वस्तू शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामातून निघालेली दिसते. जमीन नांगरायची, पाणी द्यायचे, पीक आले की ते गाळायचे वा फोडायचे. गिऱ्हाईक तेच, त्याची पुढची गरज कोणती एवढेच पाहत जायचे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाले. बापाने ज्या देशाची मासिके वाचली, त्या देशात मुलगा प्रत्यक्ष जाऊन शिकला. पुढे हरिहर, बंगलोर आणि पुणे येथे यंत्रहत्यारे, विजेची मोटर, तेलाची इंजिने यांचे कारखाने निघाले. तो विस्तार पुढच्या पिढीचा, म्हणून येथे त्यात शिरत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. सत्त्याऐंशी वर्षांचे दीर्घ आणि सफळ आयुष्य त्यांना लाभले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

चरित्र येथे संपले. मात्र ते वाचून सर्वांनी कारखाने काढावेत, असला उपदेश मला करायचा नाही. लक्ष्मणरावांच्या पाठीशी रामूअण्णांसारखा भाऊ होता आणि अडचणीच्या वेळी दोन संस्थानिक मदतीला आले. नुसत्या वाचनाने भट्टी पेटत नाही, हे मान्यच केले पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांच्या मागे ना असा भाऊ, ना कोणी राजा. मग या चरित्रातून आपण घ्यायचे काय? मला वाटते, वाचण्याची रीत घ्यायची. ती कोणालाही फुकट मिळण्यासारखी आहे.

माझ्या प्रकल्पात मी ती वापरून पाहिली. विश्वकोशात आधी वस्तूची माहिती वाचली, म्हणजे पंप पाणी कसा उचलतो हे समजले. मग कंपनीचा इतिहास शोधला. मर्यादित कंपनीला आपला वार्षिक अहवाल भागधारकांपुढे ठेवावा लागतो, आणि त्यात विक्री, नफा, कर्ज यांचे आकडे असतात, हे मला त्या निमित्ताने कळले. नंतर बाजार. त्यासाठी गॅझेटिअर आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उपयोगी पडतात. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरात शेती आणि व्यापार यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तेव्हा शहादे-तळोदे हा सारा भाग खानदेश जिल्ह्यात होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात येथे काय पिके आणि ते कोठे विकले जाई, याचे लेखी उत्तर असू शकते हेच मला ठाऊक नव्हते.

प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायचे, असे मी आता ठरवले आहे. हा कोणी छापला? केव्हा छापला? आणि कोणासाठी छापला? सूचीपत्र विकणाऱ्याने छापलेले असते, म्हणून त्यात दोष सापडणार नाहीत. वार्षिक अहवाल भागधारकांसाठी असतो, म्हणून त्यात गिऱ्हाइकाची तक्रार सापडणार नाही. सरकारी अहवालात आकडे असतात, पण ते कालचे. एकच कागद वाचणारा फसतो. तीन कागद शेजारी ठेवणाऱ्याला खरे काय ते बरेचसे कळते. आणि उरलेले कळण्यासाठी लक्ष्मणरावांप्रमाणे बांधावरच जावे लागते.

आपल्या भागात ही रीत किती गरजेची आहे हे मी वेगळे सांगायला नको. पपईचा भाव ठरतो तेव्हा घेणाऱ्याला दूरच्या बाजारपेठेतली आवक ठाऊक असते, आणि विकणाऱ्याला फक्त आपली तोडणीला आलेली बाग. बियाण्याची पिशवी घेताना त्यावरचे चित्र आपण पाहतो, पाठीमागची बारीक अक्षरे वाचत नाही. माहिती ज्याच्या हातात, व्यवहार त्याच्या हातात. आमच्या आधीच्या पिढीला अक्षरच मिळाले नाही, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे भाग होते. आपल्याला अक्षर मिळाले आहे, ग्रंथालयाचे कार्डही मिळाले आहे. तरीही आपण दुसऱ्याच्याच तोंडाकडे पाहत राहिलो, तर त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकवले ते कशासाठी?

मित्रमैत्रिणींनो, आपल्या ग्रंथालयात मागच्या भिंतीला लागून संदर्भग्रंथांची कपाटे आहेत. ती पुस्तके घरी नेता येत नाहीत, म्हणून तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. एखाद्या दुपारी तास रिकामा असला की तेथे जाऊन बसा. आपल्या घरातली एक वस्तू मनात धरा आणि तिचा माग काढू लागा. लक्ष्मणरावांना जी मासिके साता समुद्रांपलीकडून यायची वाट पाहावी लागे, त्याहून अधिक माहिती आज आपल्या हाताशी आहे. हवा आहे तो वाचणारा.